आठ दिवसांची अर्धशिशी

अक्का पहिल्यांदा पडली तो सोमवार होता. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ नेमकी सांगता येते, कारण काही घडलं की आधी घड्याळ बघायचं ही सवय मला वर्तमानपत्राच्या नोकरीने लावली होती. सख्खी बहीण समोर पडलेली असताना मनगटाकडे बघणारा माणूस कुणाला आवडणार नाही. मलाही तो आवडत नाही. पण त्या सवयीमुळे पुढच्या दिवसांचा क्रम माझ्याकडे शाबूत आहे. तो क्रम फिरवण्याचे प्रयत्न झाले, म्हणून हे लिहितो आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. मी परभणीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. टेबलावर रोज मोर्चा, बंद आणि रास्ता रोको यांच्या बातम्या येत आणि आम्ही त्यांची लांबी कमी करत असू. माझी थोरली बहीण पालमपासून दोन कोसांवरच्या एका गावात दिली होती. तिला आम्ही अक्का म्हणायचो. वय बेचाळीस. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न पुढच्या रविवारी होतं. मुलीचा मामा आठ दिवस आधी घरात पाहिजे, असा अक्काचा निरोप आला, म्हणून मी रजा टाकून त्या सोमवारच्या आदल्या दिवशीच पोचलो होतो.

ओसरीत सात-आठ बाया गहू निवडत बसल्या होत्या. अक्काची जाऊ त्यांच्यात सगळ्यात बोलकी.

"मामा, तुमच्या पेपरात छापा की, ह्या गावच्या बायांनी एका बैठकीत चार पायल्या गहू निसला म्हनून."

"छापतो. फोटोसकट छापतो."

"फोटू नको बया. आमच्या सासूबाईचं नाकच पान भरून यील."

सगळ्या हसल्या. अक्काही हसली. ती फळीवरचं पितळी पातेलं काढायला उभी राहिली होती. हात वर गेला आणि तिथेच थांबला. तिने मानेमागे हात नेला आणि वळून पाहिलं.

"कोन मारलं गं मला?"

मागे भिंत होती.

"डोकं फुटलं माजं," ती म्हणाली, खाली बसली आणि ओकली. मग तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले, हातपाय झटकू लागले. हे दीड मिनिट चाललं.

"पायताण आना! पायताण हुंगवा!" जाऊ ओरडली. "मामाचा बूट घ्या, कातड्याचा हाय."

दाराशी माझे बूट होते. परभणीच्या बसस्थानकातला चिखल त्यांच्या तळाला अजून होता. दोघींनी अक्काचं डोकं धरलं आणि तिसरीने तो बूट तिच्या नाकावर दाबला. मी अनवाणी उभा होतो. मी तो हात बाजूला केला नाही. झटके आपोआप थांबले तेव्हा एकजण म्हणाली, "बगा, लागू पडलं." मग कुणीतरी कांदा फोडून आणला आणि तोही लावून झाला.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, गोठ्यातून धावत आले. त्यांनी आधी अक्काकडे पाहिलं नाही. ओसरीत कोण कोण आहे ते पाहिलं. त्यांची नजर एका शेजारणीवर थांबली. तिचं माहेर नवऱ्या मुलाच्या गावचं होतं.

"उपाशी व्हती सकाळधरनं. चक्कर आली," ते त्या बाईला म्हणाले. नंतर जावेला म्हणाले, "दार लावा आधी."

हे दार का लागलं ते सांगायला हवं. आमच्याकडे सोयरीक जुळवताना तीन गोष्टी गुपचूप विचारल्या जातात: घरात कोड आहे का, वेड आहे का, फेफरं आहे का. विचारणारे घरी येऊन विचारत नाहीत. गिरणीवर विचारतात, न्हाव्याला विचारतात, पाणवठ्यावर बायकांकडून काढून घेतात. दाजी स्वतः सहा महिन्यांपूर्वी नवऱ्या मुलाच्या गावात दोन दिवस असे फिरले होते आणि समाधानाने परतले होते. आता तेच त्यांच्या दारात येऊन पडलं होतं. आईला फेफरं म्हणजे लेकीला येणार, हे त्या भागात सिद्ध करून दाखवायची गरज कुणाला वाटत नसे. लग्न मोडलं असतं. आणि एकदा मोडलेल्या लग्नाच्या मुलीला पुन्हा कोण विचारतं, हा प्रश्न दाजींनी मला त्या दुपारी चार वेळा विचारला.

अक्काला धान्याच्या खोलीत निजवलं होतं, कारण तिला उजेड सोसत नव्हता. ती शुद्धीवर आली होती. डोकं दोन्ही हातांत धरून पडली होती.

"दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हणालो.

"कंच्या?" दाजींनी विचारलं. "पालमचा डॉक्टर चांगला हाय, पर त्याचा कंपौंडर नवरदेवाच्या भावकीतला हाय. गंगाखेडला न्यायचं तर स्टॅंडवर सगळे आपलेच लोक. लग्नाच्या घरची बाई आठ दिस आधी दवाखान्यात कामून गेली, आसं इचारलं तर काय सांगू?"

"डोकं दुखतंय म्हणून सांगा."

"डोकं दुखलं म्हनून कुनी नांदेड-परभणी करतंय का? तुमी पेपरवाले. कायतरी नाव सांगा की, लोकायला सांगन्यासारखं."

आमच्या दैनिकात आठवड्यातून एकदा आरोग्याचं सदर यायचं. ते मी तपासत असे. त्यातला एक शब्द माझ्या तोंडात तयार होता.

"अर्धशिशी," मी म्हणालो.

दाजींचा चेहरा मोकळा झाला. संध्याकाळपर्यंत तो शब्द साऱ्या घरात फिरला. जाऊ प्रत्येक येणाऱ्या बाईला सांगत होती, "अर्धशिशी हाय हो तिला. मामानी सांगितलं. मामा शिकलेले हायत." लोक मान हलवत आणि आपापल्या घरातल्या अर्धशिशीच्या गोष्टी सांगत. कुणी सुंठ उगाळून आणली. त्या दिवशी मी बहिणीसाठी एवढंच केलं.

मंगळवारी अक्काला मान वाकवता येईना. पाणी प्यायला तिला सगळं अंगच उचलावं लागे. मी सकाळी साडेसातची एसटी फाट्यावर थांबलेली पाहिली आणि ती जाताना पाहिली. परत येऊन खोलीत गेलो.

"अक्का, उद्या सकाळच्या गाडीने जाऊ. मी आहे बरोबर."

"कुनी काय म्हनायलंय का बाहेर?"

"कुणी काही म्हणत नाही."

"मग गप ऱ्हा बाबा. पोरीचं हून जाऊ दी. मी काय मरायले का?" मग ती म्हणाली, "नुस्तं मागून कुनीतरी मुसळ घातल्यावानी झालं रे. आसं कदी दुखलं न्हाई. कदीच न्हाई."

हे वाक्य बातमीत आलं असतं तर मी त्याला चौकट केली असती. तिथे मी फक्त दार ओढून घेतलं.

बुधवारी तिची उजवी पापणी खाली आली. डोळा अर्धा झाकलेला राहू लागला आणि ती म्हणायची की एकाची दोन माणसं दिसतात. जाऊने मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका त्या बंद खोलीत शिरला आणि अक्का खोकली. खोकताना तिने डोकं इतकं घट्ट धरलं की बोटांचे ठसे कपाळावर उठले. "आता दृष्ट निघाली," जाऊ म्हणाली. घरात त्या दिवशी बुंदी पाडत होते.

गुरुवारी दाजींनी मला पालमला पाठवलं. अक्काला न्यायचं नव्हतं, फक्त गोळ्या आणायच्या होत्या. त्याच दिवशी पालमच्या रस्त्यावर नामांतराच्या मागणीसाठी रास्ता रोको होता. बैलगाडीचं जू आणि दगड आडवे टाकून वीस-पंचवीस माणसं रस्त्यात बसली होती. त्यांतला एकजण अक्काच्या शेतात कापणीला यायचा. त्याने मला ओळखलं.

"मामा, सायकल हाणत कुठं निघालाव?"

"दवाखान्यात."

"कोन आजारी हाय?"

"अक्का."

"मालकीनबाई? मग त्यायला घिऊन या की गाडीत. पेशंटची गाडी आमी आडवत न्हाई. सकाळपसून दोन जीपा सोडल्या. म्हनाल तर मी येतो संगं, गावाच्या फाट्यापसून."

"नाही, काही विशेष नाही. साधं डोकं दुखतंय."

"जावा मग. डोकंबिकं आमचंबी दुखायलंय ह्या उन्हात."

बसलेले हसले. एकाने दगड सरकवून सायकलला वाट करून दिली. दुपारी दोन वाजता रस्ता मोकळा झाला. परत येताना जू आणि दगड बाजूला पडलेले होते आणि एसटी मला ओलांडून गेली.

पालमचे डॉक्टर मध्यमवयीन, शांत बोलणारे होते. शेजारच्या टेबलावर कंपौंडर गोळ्यांच्या पुड्या बांधत होता. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं मी ज्या क्रमाने दिली त्या क्रमाने लिहितो.

"एकदम सुरू झालं की हळूहळू?"

"हळूहळू."

"उलट्या?"

"एकदा. जेवण बाधलं असेल."

"मान आखडली आहे का?"

"नाही."

"झटके, बेशुद्धी, असं काही?"

पुडी बांधणारे हात थांबले होते. मी ते पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "बघितल्याशिवाय गोळ्या देणं बरोबर नाही. त्यांना घेऊन या."

"रविवारी मुलीचं लग्न आहे."

"हां, मग..." त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. "सोमवारी तरी आणा."

लग्न हे कारण आमच्याकडे कुणी ओलांडत नाही, शिकलेला माणूसही नाही. कंपौंडरने दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि हसून म्हणाला, "मामा, रविवारी येतो आमी समदे. बुंदी शिल्लक ठिवा."

शुक्रवारी डोकं थोडं उतरलं. अक्काने अर्धी भाकरी खाल्ली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि मला शाबासकी मिळाली. आता कळतं की उतरलेलं डोकं हा आजाराचा सर्वांत वाईट भाग होता, कारण त्याने आमच्या खोटेपणाला पुरावा दिला.

रविवारी मी भाचीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणलं. अक्का मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. दाजींनी तिला पदर उजव्या डोळ्यावर ओढून घ्यायला सांगितलं होतं, आणि फोटोवाल्यालाही डाव्या बाजूने फोटो घ्यायला सांगितलं होतं. त्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचा पूर्ण चेहरा नाही. मंगलाष्टकं, बॅंड, ध्वनिक्षेपकाची शिट्टी, सगळं तिच्यापासून तीन हातांवर चालू होतं. प्रत्येक ढोलाला तिचा डावा डोळा मिटत होता.

नवऱ्या मुलाची आई, अक्काच्या विहीणबाई, जवळ आल्या. "विहीणबाई, डोळ्याला काय झालं वो?"

"रांजणवाडी हाय," जाऊ मध्येच बोलली. "लय गोड खाल्लं म्हनून आली."

"आमच्यासाठी ठिवलं का न्हाई मग गोड?" विहीणबाई म्हणाल्या, आणि दोन्हीकडच्या बाया खदखदून हसल्या. अक्काही हसली.

लग्न झालं. सोमवारी सकाळी मी म्हणालो, "आता चला."

"उद्या परतणी हाय," दाजी म्हणाले. मुलगी आणि जावई पहिल्यांदा माहेरी जेवायला येण्याचा तो दिवस. "पाहुने येनार अन् घरची बाई न्हाई, हे कसं दिसंल? परतणी झाली की बुधवारी नेऊ. शब्द देतो."

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी अक्का न्हाणीघराच्या दाराशी पडली. या वेळी झटके नव्हते. श्वास घोरल्यासारखा होता आणि हाक ऐकू जात नव्हती. बूट कुणी आणला नाही. पालमहून जीप यायला नऊ वाजले. तोपर्यंत भाची-जावयाला घेऊन परतणीसाठी निघालेले व्याहीही पोचले होते. व्याही आमच्याबरोबर जीपमध्ये बसले. गंगाखेडच्या दवाखान्यातून पुढे पाठवलं. दीड वाजता आम्ही परभणीच्या एका मोठ्या दवाखान्यात होतो.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, मान उचलून पाहिली आणि कंबरेच्या मणक्यातून पाणी काढलं. ते काचेच्या नळीत पाण्यासारखंच दिसायला हवं असतं. ते लाल होतं.

"पहिल्यांदा कधी दुखलं?" त्यांनी विचारलं.

दाजींच्या शेजारी व्याही उभे होते. दाजी म्हणाले, "आजच, साहेब. परवा लग्नात हसत-खेळत व्हती."

डॉक्टर आत गेले. काही वेळाने बाहेर आले तेव्हा नळीतलं रक्त तळाला बसवलेलं होतं. वर उरलेलं पाणी पिवळं होतं.

"आजचंच रक्त असतं तर हे वरचं पाणी स्वच्छ असतं," ते म्हणाले. "हा पिवळा रंग जुन्या रक्ताचा आहे. कुणी खरं सांगणार आहे का?"

मी डॉक्टरांना व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि सोमवार, दहा वीस, इथपासून सगळं सांगितलं. पापणीचं ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"मेंदूच्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला असतो," ते म्हणाले. "तो त्या सोमवारी थोडा फुटला. तुम्ही म्हणता ते झटके फेफऱ्याचे नव्हते, रक्तस्रावाचे होते. पहिल्या वेळी बरेचजण वाचतात. मग तो दुसऱ्यांदा फुटतो. पापणी पडली तेव्हा तो तिथेच आहे हे कुणाही डॉक्टरला दिसलं असतं. मुंबईला किंवा हैदराबादला नेऊन ऑपरेशन करता आलं असतं."

"वाचली असती?"

"असं मी छातीठोक सांगत नाही. पण तेव्हा ती चालत गाडीत बसली असती. आज मी तिला इथून हलवूही शकत नाही."

म्हणजे जो आजार लपवायला आम्ही आठ दिवस घालवले, तो तिला नव्हताच. बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अक्का गेली.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. गावोगावच्या वार्ताहरांची पाकिटं एसटीच्या कंडक्टरांबरोबर येत. पालमकडचं पाकीट मी फोडलं. पहिल्याच कागदावर मथळा होता: नामांतराच्या रास्ता रोकोमुळे उपचाराअभावी महिलेचा मृत्यू. खाली माझ्या बहिणीचं नाव, दाजींचं नाव, आणि दाजींचं म्हणणं. रस्ता अडवल्यामुळे पत्नीला वेळेवर दवाखान्यात नेता आलं नाही. अक्षर सुबक होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी कागद संपादकांपुढे ठेवला. "ही बातमी खोटी आहे."

"तुमच्या घरचीच आहे ना? तुमचे मेव्हणेच सांगताहेत."

"रस्ता फक्त गुरुवारी बंद होता, दुपारी दोनपर्यंत. ती सोमवारी पडली. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी एसटी चालू होती. मी पाहिली आहे. आणि गुरुवारीही ते लोक पेशंटची गाडी सोडत होते. मला त्यांनी सांगितलं होतं."

"मग नेली का नाही?"

मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आणि हे छापायचं? तुमच्या भाचीला उद्या परत पाठवतील."

"नको," मी म्हणालो.

कागद टोपलीत गेला. त्याची एक प्रत दुसऱ्या दैनिकाकडेही गेली होती. तिथे ती पहिल्या पानावर आली.

पुढच्या खेपेला गावात गेलो तेव्हा ते कात्रण दाजींच्या ओसरीत भिंतीवर चिकटवलेलं होतं. भेटायला येणारा प्रत्येकजण ते वाचत होता आणि सुस्कारा सोडत होता. मला वाटतं, तोवर दाजींचाही त्यावर विश्वास बसला होता. पेरणी तोंडावर आली होती आणि दलित वस्तीतल्या माणसांना गावातल्या शेतांत कामाला बोलावणं बंद झालं होतं. "बाईचा जीव घेतला त्यांनी," हे मी तिघांच्या तोंडून ऐकलं. तिघांच्याही घरच्या बाया त्या सोमवारी आमच्या ओसरीत गहू निवडत होत्या. रास्ता रोकोत मला वाट करून देणारा माणूस फाट्यावर भेटला. "मामा, तुमी तरी सांगा की," एवढंच तो म्हणाला.

मी दाजींना सांगितलं की मी खुलासा छापणार आहे.

"छापा," ते म्हणाले. "अन् पोरगी परत आली तर तुमीच सांभाळा."

म्हणून मी आधी भाचीच्या सासरी गेलो. छापून येण्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळावं, आणि काय ते मला ऐकवून घ्यावं, असा विचार होता. व्याह्यांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मी सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तुमच्या अक्काला फिट आली व्हती, हेच सांगायला आलाव ना? आमाला ते सोमवारीच सांजच्याला कळलं व्हतं."

"कुणी सांगितलं?"

"आमच्या गावची लेक तिथं दिलेली हाय की तुमच्या शेजारी. तिनं लगी मानूस धाडला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? पत्रिका वाटून झाल्या व्हत्या. पाहुने निघाले व्हते. आमी म्हनलं, पोरगी चांगली हाय, आईचं काय घिऊन बसायचं? आमी मनाला लावून घेतलं न्हाई."

विहीणबाई आतून म्हणाल्या, "अन् मांडवात मला डोळा दिसला न्हाई व्हय? रांजणवाडी म्हनं! मीबी म्हनलं, आसंल बया रांजणवाडी."

"पण दवाखान्यात न्या, एवढं तरी सांगायचं."

"ती तुमच्या घरची बाब," व्याही म्हणाले. "आमी सांगितलं आसतं तर तुमच्या दाजीला वाटलं आसतं, टोचून बोलायलेत. इज्जतीचा मानूस हाय त्यो. खामखा कामून दुखवायचं?"

ते हे चांगुलपणाने सांगत होते. आपण मोठ्या मनाने वागलो याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ज्यांच्यापासून लपवण्यासाठी अक्काला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, त्यांना पहिल्याच संध्याकाळी सगळं ठाऊक होतं. दोन्ही घरं आठ दिवस एकमेकांचा मान राखत बसली होती.

भाची चहा घेऊन आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. तिने सासऱ्यापुढे कप ठेवला. मग ती माझ्याकडे वळली.

"मामा, छापा," ती म्हणाली आणि आत गेली. मी चहा न घेता उठलो.

खुलासा मी सोळा ओळींचा लिहिला. त्या सोमवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत, तारीख-वार, कोणत्या दिवशी एसटी चालू होती, रस्ता किती वेळ बंद होता, आणि आंदोलकांनी पेशंटची गाडी सोडायची तयारी दाखवली होती. शेवटचं वाक्य असं होतं: पालमच्या डॉक्टरांनी झटक्यांबद्दल स्पष्ट विचारलं असता मी, मृत महिलेच्या भावाने, नाही असं उत्तर दिलं. खाली माझं नाव होतं.

बातमी छापणाऱ्या दैनिकाने खुलासा घेतला नाही. आमच्याकडे तो शेवटच्या पानावर आला, अकरा ओळींचा. शेवटचं वाक्य त्यात नव्हतं. पान लावणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला की जागा कमी पडली आणि संपादक म्हणाले, ते तुमचं खासगी आहे, काढा. अंक छापून झाला होता. गठ्ठे एसटी स्टॅंडकडे निघाले होते. त्यांतला एक पालमचा होता.